बाबा हजर, बाबा गैरहजर

३ मार्च, रविवार. संध्याकाळी सव्वासहा.

शून्य-तीन. तेही आपल्याच मैदानावर.

आजपासून चिडणं बंद. डॉक्टर सांगतात म्हणून नाही, मी ठरवलं म्हणून. फुटबॉल हा खेळ आहे. तो खेळासारखा बघायचा आणि विसरून जायचा.

फक्त नोंद म्हणून लिहून ठेवतो. आमचा गोलकीपर म्हणजे चाळणी. नाही, चाळणीत निदान खडे तरी अडकतात. पुढच्या फळीतला तो उंच गडी, त्याला मी पर्यटक म्हणतो. नव्वद मिनिटं मैदान बघत हिंडतो, फक्त फोटो काढायचे बाकी ठेवतो. आणि कोच? हाताची घडी, डोळे मिटलेले. बघवत नसेल बिचाऱ्याला. मग आम्ही का बघायचं?

सोळा संघांत आम्ही तेरावे. शेवटचे दोन खालच्या विभागात जातात. दहा सामने बाकी आहेत. काळजीचं कारण नाही.

तिसरा गोल झाला तेव्हा बाबांनी टाळ्या वाजवल्या. मोज्यांच्या जोड्या लावत बसले होते, त्या खाली ठेवून वाजवल्या. मी म्हणालो, बाबा, हा आपल्यावर झाला. म्हणाले, हो का? पण मारला छान हो.

४ मार्च, सोमवार. कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत.

रंगखात्यातला मुद्दाम वाट वाकडी करून माझ्या टेबलापाशी आला. त्याचा संघ पहिला आहे. पहिल्या संघाच्या बाजूने ओरडायला काय अक्कल लागते? म्हणाला, तुमच्या गोलकीपरला आपली एक चेन बसवून द्या, निदान बंद तरी होईल. सगळे हसले. मीही हसलो. चिडणं बंद आहे.

दुपारी काम करताना एक गोष्ट डोक्यात आली. मी चेनी तपासतो. पँटच्या, बॅगच्या, जॅकेटच्या. प्रत्येक लॉटमधून वीस काढायच्या, हुकाला अडकवायच्या, शंभर वेळा उघडायच्या, शंभर वेळा मिटायच्या. दोन खराब निघाल्या तर चालतं. तीन निघाल्या की अख्खा लॉट रिजेक्ट. बावीस वर्षं हेच करतोय. भावना मध्ये आणायची नाही.

आई गेल्यावर दोन वर्षं बाबा एकटे राहिले आणि नोव्हेंबरात आमच्याकडे आले. ते येण्याआधी आठ सामने झाले होते. चार जिंकलो, दोन हरलो, दोन ड्रॉ. ते आल्यावर बारा झाले. नऊ हरलो, दोन ड्रॉ. एकच जिंकलो. आणि त्या दिवशी बाबा माझ्या लेकीबरोबर चष्म्याची काडी बसवायला गेले होते!

तपासणीच्या कागदाच्या मागे तक्ता केला. दोन रकाने. बाबा हजर, बाबा गैरहजर.

मी अंधश्रद्धाळू नाही. मी नमुना तपासतो.

१० मार्च, रविवार.

प्रयोग पहिला. पावणेचारला हिला सांगितलं, बाबांना बागेत फिरवून आण, दिवसभर घरात बसून पाय आखडतात. ही म्हणाली, सामन्याच्या वेळी तुम्हाला बाबांचे पाय बरे आठवले. पण गेले दोघं.

एक-शून्य! जिंकलो!

घरी आल्यावर बाबांनी विचारलं, कोणी मारला? मी म्हणालो, आपण. खरं तर त्यांच्याच बचावपटूच्या गुडघ्याला लागून आत गेला. पण इतकं बारकाईने सांगायची गरज नव्हती.

१७ मार्च, रविवार.

बाबांना न्हाव्याकडे पाठवलं. केस फारसे वाढले नव्हते, पण बाबा म्हणाले, बरं.

शून्य-दोन. मला कळेना. रकाना तर गैरहजरचा होता.

सव्वासहाला बाबा आले. मान पावडरीने पांढरी, चेहरा हसरा. म्हणाले, अरे, न्हावी मोबाइल आरशाला टेकवून तुझीच मॅच बघत होता. तोही तुझ्यासारखाच ओरडतो. दुसऱ्या गोलला तर कात्री घेऊन रस्त्यावर गेला. मी आपला अर्ध्या डोक्याने बसून बघितली पूर्ण.

म्हणजे पाहिली. मी तक्त्यात खोडून हजर केलं. आता चित्र स्वच्छ आहे. नुसतं खोलीबाहेर पाठवून भागणार नाही.

२० मार्च, बुधवार.

ताईला फोन केला. ती दोन तासांवर राहते. पुढच्या खोलीत कपडे दुरुस्तीचं दुकान आहे. पँटा आखूड करते, चेनी बदलते. बाबांना माझ्याकडे दे, असं ती नोव्हेंबरपासून म्हणतेय. मीच म्हणायचो, मुलगा असताना कशाला?

आज म्हटलं, घेऊन जा, हवापालट होईल. ताई म्हणाली, हवा तुझ्याकडे आहे तीच इथे आहे. आणि एक ऐकून ठेव. चेंडूसारखं इकडून तिकडे करायचं नाही त्यांना या वयात. इथे आले आणि रुळले, तर मी हलवायची नाही. परत यायचं की नाही ते तेच ठरवतील.

मी म्हणालो, चालेल. बारा मेला शेवटचा सामना आहे. त्याच रात्री बाबा आपल्या खोलीत. फक्त आठ सामन्यांचा प्रश्न आहे. बाबा काय ताईकडे रुळतात? तिच्याकडे तर धड खुर्चीसुद्धा नाही, सगळीकडे लोकांच्या पँटा.

ही दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलतेय. आज एवढंच म्हणाली, आता कुठे त्यांना कपड्यांचा साबण कुठे ठेवतात ते कळायला लागलं होतं.

२३ मार्च, शनिवार.

बाबांना बसमध्ये बसवलं. खिडकीची जागा मिळवून दिली. पाण्याची बाटली, औषधांचा डबा, स्वेटर, सगळं हाताशी. मी काही कसर ठेवली नाही.

बस सुटताना त्यांनी विचारलं, माझं काही चुकलं का रे? मी म्हणालो, छे, काहीतरीच काय बाबा. मग म्हणाले, उद्या चारला ना? ताईकडे तो चॅनल लागतो का? मी म्हणालो, नाही लागत.

लागतो. ताईला वेगळं सांगून ठेवलंय, लावू नको म्हणून.

२४ मार्च, रविवार.

दोन-एक! पर्यटकाने गोल केला! पर्यटकाने! याआधी मी त्याच्याबद्दल काही लिहिलं असेल तर ते रागात लिहिलं होतं. लांब पायांची माणसं उशिरा तापतात.

लेकीला म्हणालो, बघितलंस? शास्त्र आहे हे. ती म्हणाली, आजोबांचा फोन आला होता, तुम्ही ओरडत होतात म्हणून मी उचलला. विचारत होते, जिंकले का.

बाराव्या जागेवर. आता मागे वळून बघायचं नाही.

३१ मार्च, रविवार.

शून्य-एक. रेफ्रीने पेनल्टी दिली नाही. माझ्या खुर्चीवरून स्पष्ट दिसत होती. तो दहा फुटांवर उभा होता, त्याला दिसली नाही.

तरी खात्री करून घेतलेली बरी म्हणून ताईला फोन केला. विचारलं, चार वीसला बाबा काय करत होते? म्हणाली, झोपले होते. मी विचारलं, गाढ? तिने फोन ठेवला.

७ एप्रिल, रविवार.

एक-चार. ताईला तीनदा फोन केला. तिसऱ्यांदा म्हणाली, तुझ्या टीमचं काय व्हायचं ते होऊ दे, पण शिलाई चालू असताना फोन करशील तर दोऱ्याने शिवून टाकीन तुला. मागे बाबांच्या हसण्याचा आवाज आला. काय एवढं हसण्यासारखं होतं?

निश्चय: या आठवड्यात लीगचं टेबल बघायचं नाही.

८ एप्रिल, सोमवार.

बघितलं. तेरावे.

१४ एप्रिल, रविवार.

शून्य-दोन. चौदावे. चाळणीने आज पहिल्यांदा चेंडू अडवला आणि मग आपणच उचलून समोरच्या माणसाच्या पायात नेऊन दिला. एवढा नम्र माणूस मी पाहिला नाही.

सामन्यानंतर लेक खोलीत आली. हातात माझा तक्ता. म्हणाली, पप्पा, यात एक रकाना कमी आहे. हरलेल्या सगळ्या सामन्यांना खोलीत कोण होतं? शेवटच्या तिन्ही वेळा आजोबा नव्हते. आई बाहेर जाते. मी तर बघतच नाही.

मी शांतपणे समजावून सांगितलं की मी निरीक्षक आहे. तपासणारा माणूस नमुन्यात धरत नाहीत, असा नियमच आहे. तपासणाराही नमुन्यात धरला तर जगात एक चेन पास होणार नाही.

ती म्हणाली, बरं. तिचं हे बरं म्हणणं मला आवडत नाही. आईवर गेलीय.

तक्ता तिच्या हाती कसा लागला, ते विचारायचं राहिलं.

१६ एप्रिल, मंगळवार. कारखान्यात.

आज एक किरकोळ गोष्ट घडली. या महिन्यात माझ्या टेबलावरून चार लॉट रिजेक्ट झाले होते. सुपरवायझरला शंका आली. त्याने पाचव्या लॉटमधल्या चेनी दुसऱ्या टेबलावर नेऊन तपासल्या. सगळ्या उत्तम. मग त्याने माझ्या टेबलावरच्या हुकावरून बोट फिरवलं आणि बोटाला रक्त आलं. हूक झिजून त्याला धार आली होती. चेनीत दोष नव्हता. माझा हूकच दाते खात होता.

त्याने विचारलं, कधीपासून? मी म्हणालो, बघावं लागेल. म्हणाला, हूक रोज सकाळी तपासायचा असतो ना? मी म्हणालो, असतो.

आधीच्या चार लॉटचं काय, म्हणून मी विचारलं. ते भंगारात गेलेत, कापले गेले. चांगला माल होता. परत आणता येत नाही.

रंगखात्यातला आज काही बोलला नाही. त्याने बोललेलं परवडलं असतं.

याचा घरच्या कशाशी काही संबंध नाही. नुसती नोंद.

२१ एप्रिल, रविवार.

लेकीचं तोंड बंद करायचं म्हणून प्रयोग. मी स्वतः गैरहजर. चार वाजता जिन्यात जाऊन बसलो. वरच्या मजल्यावरच्या बाई पिशव्या घेऊन चढत होत्या. विचारलं, किल्ली विसरलात? मी म्हणालो, हो. शेजारी दोनदा मोठा ओरडा झाला. मी जागचा हललो नाही. हा संयम कोणी पाहिला नाही हे दुर्दैव.

सत्तराव्या मिनिटाला फक्त स्कोअर बघायला आत गेलो. दोन-शून्य! आपण पुढे! आता एवढ्या पुढे असताना वीस मिनिटं बसून बघायला काय हरकत होती?

दोन-दोन.

पण त्या वेळी चाळणीच्या डोळ्यांवर ऊन येत होतं, हे कोणी लक्षात घेत नाही.

२२ एप्रिल, सोमवार.

बाबांना फोन केला. म्हटलं, काय, करमतंय का? मला वाटलं, म्हणतील, नाही रे. म्हणाले, अरे, इथे वेळ कुठे आहे! ताईने मला चेनी उसवायला दिल्यात. छोटं पातं आहे, टाका टाका कापायचा, कापडाला लागू द्यायचं नाही. तुझा व्यवसाय उलटा करतोय बघ मी. दोन-तीन तर तुझ्याच कारखान्याच्या होत्या, मागे शिक्का आहे. एक अशी अडकली होती की त्या माणसाला पँट कापून बाहेर काढावं लागलं.

ती मीच पास केलेली असणार. मी विषय बदलला. म्हटलं, परत कधी येताय? म्हणाले, बघू की.

बघू की म्हणजे काय? बाबा आयुष्यात कधी बघू की म्हणाले नव्हते. ते नेहमी बरं म्हणायचे.

२८ एप्रिल, रविवार.

शून्य-एक. ही आणि लेक माझ्या मेहुणीकडे गेल्या होत्या. घरात मी एकटा. शास्त्रीयदृष्ट्या याहून शुद्ध परिस्थिती होऊ शकत नाही.

पर्यटकाचा गोल ऑफसाइड दिला. नव्हता. मी मोठ्याने समजावून सांगितलं, हे बघा, पास निघाला तेव्हा तो बचावपटूच्या रेषेत होता की नाही? होता. मग पुढे गेला तर काय बिघडलं? दोनदा सांगितलं. मग लक्षात आलं की सांगतोय कोणाला.

हे बाबांना मी प्रत्येक सामन्यात सांगायचो. प्रत्येक वेळी म्हणायचे, अस्सं. पुढच्या रविवारी पुन्हा विचारायचे.

मोज्यांचा ढीग पडलाय. एकाची जोडी सापडत नाही.

५ मे, रविवार.

एक-तीन. पंधरावे. पुढचा सामना जिंकलो तरच वाचतो.

रात्रीचं जेवण झाल्यावर तक्ता पुन्हा तपासला. बाबा गेल्यापासून सात सामने. एक जिंकलो, एक ड्रॉ, पाच हरलो. म्हणजे बाबांचा काही दोष दिसत नाही. चूक मान्य करायला मोठं मन लागतं, ते माझ्याकडे आहे. बाबांना परत आणण्याचा निर्णय घेतला.

योजना: रविवारी सकाळी साडेआठची बस. साडेदहाला ताईकडे. अकराला बाबांची बॅग भरायची. एकला परतीची बस. तीनला घरी. चार वाजता बाबा आणि मी, आपापल्या खुर्चीत. संघ वाचतो, बाबाही घरी. हिला सांगितलं. ती म्हणाली, त्यांना विचारलंत का? मी म्हणालो, त्यात विचारायचं काय, माझे वडील आहेत. म्हणाली, म्हणूनच.

माळ्यावरून मोठी बॅग काढून पुसून ठेवली.

१२ मे, रविवार. संध्याकाळी सात. बसमध्ये.

अक्षर हलतंय. बस हलतेय म्हणून.

साडेदहाला पोचलो. दुकानात चार गिऱ्हाइकं. बाबा खिडकीशी स्टुलावर, चष्मा नाकावर, मांडीवर कोणाची तरी जीन्स. मला बघून म्हणाले, ये रे, पण जरा थांब, हे मधे सोडलं तर टाका हरवतो. मी अर्धा तास थांबलो. गिऱ्हाईक त्यांना आजोबा म्हणत होतं. एका बाईंनी तर मला हटकलं, नंबराने या, आजोबा एकाच वेळी दोन कामं घेत नाहीत.

अकराला बॅग उघडून ठेवली. बाबांनी तिच्याकडे बघितलं आणि म्हणाले, केवढी मोठी आणलीस. मग जेवणं झाली. एकची बस गेली. मी म्हटलं, तीनची घेऊ. बाबा म्हणाले, मग चारचं कसं होणार तुझं? बघ इथेच. ताईकडे लागतो तो चॅनल. एवढं बोलून माझ्याकडे बघितलं नाही, कापडाच्या चिंध्या गोळा करायला लागले.

चार वाजता बसलो. ताई मशीनवर, बाबा आणि मी पँटांचे ढीग सरकवून पलंगावर. मी ठरवून एक शब्द बोललो नाही. आज काही बिघडायला नको होतं. तेराव्या मिनिटाला चाळणीच्या पायांमधून गोल गेला. मी गप्प. रेफ्रीने एक सरळसरळ फाऊल सोडला. मी गप्प.

हाफ टाइमला बाबा म्हणाले, बरं नाही का तुला? मी म्हणालो, का? म्हणाले, बोलत नाहीयेस. मी म्हणालो, बाबा, तुम्हाला शांतपणे बघता यावं म्हणून. म्हणाले, मला कुठे काय कळतं रे त्यातलं. ते कुठल्या बाजूला पळतात तेही मधेच बदलतं. मी तुझं बोलणं ऐकत बसायचो. एरवी घरात तू आलास, जेवलास, झोपलास. रविवारी दोन तास बोलायचास. टीव्हीशी का होईना.

मग म्हणाले, तुझा तो तक्ता शर्टाच्या खिशात होता. धुवायला टाकण्याआधी खिसे बघतो ना मी, तेव्हा मिळाला. वाचला आणि पुन्हा खिशातच ठेवला, शर्ट मागे ठेवून दिला. तू बागेत पाठवलंस, न्हाव्याकडे पाठवलंस, तेव्हा माहीत होतं मला. न्हाव्याकडे बघायची नव्हती मला ती मॅच, पण मान वळवली की तो कात्री थांबवायचा. मग ताईचं निघालं, तेव्हा म्हटलं, मी लांब गेल्याने याची टीम जिंकत असेल तर आपलं काय जातंय. तेवढंच आपल्या हातून.

मशीन थांबलं होतं. ताई माझ्याकडे बघत होती.

बाबा म्हणाले, पण तरी हरतेच आहे की रे.

दुसऱ्या हाफमध्ये दुसरा गोल झाला. कोणी केला ते आठवत नाही. शून्य-दोन. गेलो खालच्या विभागात.

मी म्हणालो, बाबा, चला ना घरी. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, उद्या सकाळी दोन पँटा द्यायच्या आहेत, शब्द दिलाय. मी विचारलं, मग परवा? म्हणाले, परवा शाळेच्या मुलांच्या बॅगा येतात. तू असं कर, साडेसहाची बस पकड, नंतरच्या बसला गर्दी असते. खिडकीची जागा मिळेल बघ.

मिळाली.

१३ मे, सोमवार. सकाळी साडेसात.

काल दारातच हिने विचारलं, काय झालं? मी म्हणालो, शून्य-दोन, खाली गेलो. ती म्हणाली, अहो, बाबांचं विचारतेय. मी काही बोलण्याआधी तिने बॅग उचलली. हलकी लागली, तशीच नेऊन माळ्याखाली ठेवली.

आज उठल्यावर कळलं की खालच्या विभागाचे सामने टीव्हीवर दाखवतच नाहीत. म्हणजे रविवारी चार वाजता मी मोकळा. दर रविवारी. हे चांगलंच झालं, असं ठरवून आत्ता ताईला फोन केला. म्हटलं, सामना वगैरे काही नाही, नुसता येतो. येत्या रविवारी चारला येऊ का? गप्पा मारायला.

ती म्हणाली, थांब, बाबांना विचारते. बराच वेळ नुसता मशीनचा आवाज. मग परत आली. म्हणाली, ये म्हणतात, पण चारला नको. त्या वेळी गिऱ्हाइकं फार असतात.